उर्दूच्या बाजूनं काकासाहेब

गंगापूरच्या बद्रीनाथला अलिफ-बे आधी आलं, अ-आ मागून. निझामाच्या शाळेत तो उर्दूत शिकला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निझामाचं राज्य गेलं, शाळेची भाषा मराठी झाली आणि औरंगाबादच्या हायस्कुलात त्याला घरचीच बोली परक्यासारखी कागदावर लिहावी लागली. ओळी डावीकडून लिहायला हात शिकला. वही मात्र तो उर्दूच्याच बाजूनं उघडायचा, म्हणजे इतरांच्या शेवटच्या पानापासून. एका पानावर एकच हकीकत संपवायची, ही मौलवीसाहेबांची शिस्तही अंगात मुरलेली.

चाचणीत मराठीत पास होईल त्यालाच मॅट्रिकला बसवणार होते. नाहीतर गंगापूरला परत, उसाला पाणी द्यायला. निबंध होता ‘माझे चुलते’. बद्रीनाथनं वारलेल्या काकासाहेबांचा जन्म, कुस्ती, लग्न, आजार, मरण सगळं रीतसर लिहिलं.

पुण्याकडून आलेल्या केशवराव गुरुजींनी ते आपल्या बाजूनं वाचलं. काकासाहेबांची राख गोदावरीत पडली. मग ते खाटेवर खोकू लागले. मग उठून नवरदेव झाले, कुस्ती हरले आणि शेवटी आईच्या मांडीवर पहिल्यांदा रडले. गुरुजींनी चष्मा पुसला.

“हे सुचलं कसं रे तुला?”

“सुचलं नाय, गुरुजी. तुमी मागून वाचलं. माझ्या बाजूनं वाचलं तर काका मेलेच हायेत.”

“मग सरळ लिहून आण.”

त्यानं आणलं. गुरुजींनी नापास केलं. “यात माणूस नुसता मरतो रे. असे सगळेच मरतात.”

“पर तसंच झालं, गुरुजी. तेराव्याला जेवलो की मी.”

शेवटी पहिला निबंध धरून गुरुजींनी त्याला मॅट्रिकला बसवलं. पण तिथला परीक्षक कोणत्या बाजूनं वाचील? बद्रीनाथनं गावी जाऊन चुलतीला, द्वारकाबाईला, सगळं सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं, “मंग ते आता कोण्या पानावर हायेत?”

“वाचणाऱ्यावर हाय, काकी.”

“मंग मधूनच धर. लग्नापासून. अन् दोन्हीकडं जिते ठिव.”

परीक्षेत ‘आठवणीतला माणूस’ आला. बद्रीनाथनं वही मधोमध उघडून लग्न लावलं. तिथून दोन्हीकडं काकांच्या आयुष्यात मागं मागं जात दोन्ही टोकांना काकासाहेब जन्माला घातले. मरायला पानच उरलं नाही.

तो पास झाला. द्वारकाबाईनं त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं.

“लग्नात मी कोण्या हाताला बसले?”

“डाव्या, काकी.”

“कोणीकडून डाव्या?”