म्हैस, करवत आणि गजूभाऊंची राइस मिल

माझी बहीण परवा फोनवर म्हणाली, "दर रविवारी चार जण एका गोदामात बसता, एकच कॉर्ड दहा वेळा वाजवता आणि घरी जाता. त्यात सांगण्यासारखं काय असतं गं?" मी सांगायला लागले, तर तिकडे तिची भाजी करपली. राइस मिलच्या मागे कोंड्याचा ढीग वाढतो तसे हे किस्से वाढत गेलेत. कोणी मुद्दाम रचले नाहीत, पण आता वाट अडायला लागली आहे.

आधी माणसं सांगते. मी वर्षा, भंडाऱ्यात माझं मेडिकल आहे. नागपूरला फार्मसी शिकताना गिटारचा नाद लागला, तो सुटला नाही. गजूभाऊंची कारध्याला राइस मिल. किशोर आंधळगावचा, घरी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे हातमाग. आणि नामदेवभाऊ नाकाडोंगरीचे, मँगनीजच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर.

आम्हा चौघांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे व्हॉल्व्हचे अॅम्प. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह यांच्यात असतात. गेनचं बटण चढवलं की गिटारचा आवाज फाटतो. तो फाटायलाच हवा असतो. कसा फाटतो, यावरून आम्ही नऊ-दहा वर्षं भांडतोय. भांडायला जागा म्हणजे गजूभाऊंचं गोदाम. आजूबाजूला घर नाही, आणि धानाच्या पोत्यांची थप्पी असली की आवाज घुमत नाही.

०

गजूभाऊंचा शंभर वॉटचा अॅम्प आला त्या दिवशी तो टेम्पोतून उतरवायला तीन हमाल लागले. रोज पोती उचलणारी माणसं, पण त्यांनीही मध्ये दोनदा खाली ठेवला. त्यांच्यातला एक म्हणाला, "काय म्हैस आणली का जी मालक?" नाव तिथेच पडलं. आवाजही तसाच निघाला, जाड आणि पोटातून येणारा.

नामदेवभाऊंचा अॅम्प लहान, पण त्याची धार अशी की त्याला करवत म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

गजूभाऊंच्या बायकोने, मंदावहिनींनी, म्हशीभोवती एक चक्कर मारली. मागून पाहिलं, जाळीतून आत पाहिलं. मग विचारलं, "खाते किती?"

"शंभर वॉट," गजूभाऊ म्हणाले.

"आन देते काय?"



०

टोनची चर्चा करायला मराठीत शब्द नाहीत असं कुणीतरी म्हणतं तेव्हा मला हसू येतं. आम्हाला ती अडचण कधी आलीच नाही. मिलमध्ये बसतो, त्यामुळे सगळं भातावर आलं. प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला तर टोन मोकळा. बास जास्त झाला तर गिचका. गेन फार झाला तर करपला. आणि गेन कमी पडला की नामदेवभाऊ म्हणत, "कणी राहिली ना बावा आत. अजून शिजू दे."

एकदा किशोरच्या ओळखीचा एक गिटारिस्ट नागपूरहून आला होता. चांगला वाजवणारा, बँडमधला. त्याने म्हशीवर वाजवायला घेतलं. आम्ही डोळे मिटून ऐकत होतो.

"गिचका हून राहिला," गजूभाऊ म्हणाले.

"पाणी जास्त झालं," किशोर म्हणाला.

"झाकण काढा थोडं," नामदेवभाऊ म्हणाले. म्हणजे प्रेझेन्स, आवाजाची वरची धार, वाढवा.

तो बिचारा गिटार खाली ठेवून हळूच माझ्याकडे वळला. "ताई, जेवायला थांबलेत का सगळे? मी नंतर वाजवतो."

०

हा किस्सा विजेचा आहे.

दरवर्षी उन्हाळी धानाच्या दिवसांत म्हशीचा टोन बदलायचा. थोडा दबका, थोडा गोड, तार छेडली की आवाज आधी खाली बसायचा आणि मग फुलून यायचा. बाकी वर्षभर तो टोन मिळत नसे. गजूभाऊंचं म्हणणं, उन्हाने व्हॉल्व्ह खुलतात. किशोरचं म्हणणं, लाकडी खोका वाळतो. मी म्हणायचे, आपणच उन्हाळ्यात निवांत असतो. आम्ही त्या टोनसाठी मार्चची वाट पाहायचो.

मग त्या भागात नवीन डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसली. गावाने नारळ फोडला. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे पंप धडाधड चालले, पंखे जोरात फिरले आणि म्हशीचा टोन काही आला नाही. दोन रविवार आम्ही बटणं फिरवत बसलो. शेवटी नामदेवभाऊंनी व्होल्टेज मोजायचा मीटर काढून बोर्डाला लावला.

"दोनशे तीस," ते म्हणाले. "पहिले या दिवसात एकशे ऐंशी राहत होता. सारे पंप संगं चालत ना. म्हैस उपाशी होती म्हणून गोड गात होती."

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ खरंच वीज कार्यालयात गेले. लाइनमन ओळखीचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"गजूभाऊ, वीस वर्षं झाली, कमी व्होल्टेजची तक्रार घेऊन राहिलो. पूर्ण व्होल्टेज आल्याची तक्रार पहिल्यांदा आली. याचा फॉर्म नाही आमच्याकडे."

०

त्यानंतर काही महिन्यांनी भांडण हातघाईवर यायच्या बेतात होतं. करवत चांगली की म्हैस? तेव्हा ठरलं की न पाहता परीक्षा घ्यायची. दोन्ही अॅम्प पोत्यांच्या थप्पीमागे ठेवले. किशोरने एक स्विच बनवला, इकडे दाबला की म्हैस, तिकडे दाबला की करवत. स्विचपाशी मंदावहिनी खुर्ची टाकून बसल्या. इकडून गजूभाऊ वाजवणार, मग "मंदा, बदल" म्हणणार, आणि आम्ही तिघांनी कागदावर लिहायचं.

दहा फेऱ्या झाल्या. नामदेवभाऊंनी नीट रकाने आखले होते. किशोरने दोन पानं भरली, त्यात एका ठिकाणी "ही करवतच, जन्मभर ओळखेन" असं लिहून खाली रेघ ओढली होती. मी लिहिलं होतं की चौथ्या फेरीत मिड्स, म्हणजे मधले सूर, जास्त मोकळे झाले. माझे शब्द आहेत, नाकारत नाही.

मग थप्पीमागून मंदावहिनींना बोलावलं. त्यांच्या हातात स्वेटर विणायच्या सुया होत्या.

"सांगा वहिनी, पहिला कोणता होता?"

"म्हैस."

"दुसरा?"

"म्हैस."

"तिसरा?"

"अजी, सारेच म्हैस. आवाज चांगला येऊन राहिला होता, मंग कायले बदलाचा?"

किशोरने आपले दोन कागद घडी करून खिशात घातले. त्या रविवारी सगळे लवकर घरी गेलो.

०

किशोरचं लग्न अॅम्पने जमवलं, हे त्याच्या सासऱ्यांना अजून पटत नाही.

त्याने स्वतः एक अॅम्प बनवला होता. बाहेरचा खोका नव्हता, नुसता सांगाडा, वर उघडे व्हॉल्व्ह. आंधळगावला त्यांच्या घरी मागाच्या शेजारी तो ठेवलेला असे. पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मुलगी, रूपाली, तिच्या वडिलांसोबत घर पाहायला आली. वडिलांनी माग पाहिला, कोशाची साडी हातात घेऊन पाहिली, मग या सांगाड्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

किशोर घाबरला की खरं बोलतो. त्याने अॅम्प चालू केला. आवाज काही येईना. सगळे उभे. रूपालीने विचारलं, "बिघडला का?"

"नाही. आता स्टँडबायवर आहे. आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचे. घाई केली की त्यांचं आयुष्य कमी होते. पाच मिनिटं थांबतो मी नेहमी."

आणि ती सगळी मंडळी खरोखर पाच मिनिटं उभी राहिली, त्या काचांतला लाल उजेड पाहत. घरी जाताना रूपाली वडिलांना म्हणाली, "बाबा, मुलगा घाई करणारा नाही. हो म्हणा."

आता त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. किशोरने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "चहा झाला का?"

आतून रूपालीचा शांत आवाज आला, "स्टँडबायवर आहे."

०

आता नामदेवभाऊंचं सांगते.

नामदेवभाऊंची एक सवय होती. कुठलाही अॅम्प असो, ते समोर बसले की ट्रेबल आणि प्रेझेन्स, आवाजाची धार वाढवणारी दोन्ही बटणं, पूर्ण उजवीकडे जायची. वर्षागणिक ही सवय वाढत गेली. आम्ही म्हणायचो, आवड असते एकेकाची.

एका दुपारी ते माझ्या मेडिकलमध्ये आले. कानात टाकायचं औषध द्या म्हणाले. "डास शिरल्यासारखं वाजून राहते, ताई. रात्रंदिवस." मी औषध दिलं नाही, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळी ते तपासणीचा कागद घेऊन परत आले. त्यावर एक रेघ होती, डावीकडून सरळ येऊन उजवीकडे, उंच आवाजांच्या बाजूला, एकदम घसरलेली. खाणीतली इतकी वर्षं, ती ड्रिल मशीन, ते सुरुंगाचे बार.

नामदेवभाऊ त्या रेघेवर बोट फिरवत म्हणाले, "हे तर कोणी ट्रेबल काढून टाकल्यासारखं दिसते."

त्यानंतर तीन रविवार ते मिलमध्ये आले नाहीत. फोन उचलत नव्हते. चौथ्या रविवारी आम्ही तिघं मिलच्या पिकअपमधून नाकाडोंगरीला गेलो. ते ओसरीवर बसले होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहा आणला. 

"मग मी दहा वर्षं जे बोललो ते सगळं खोटंच ना," नामदेवभाऊ म्हणाले. "याची धार कमी, त्याची धार कमी. धार माझीच गेली होती. तुम्ही ऐकून घेत होते."

गजूभाऊ म्हणाले, "तुमचं ऐकूनच मी म्हशीचे व्हॉल्व्ह बदलले होते. टोन सुधारला ना? थे खोटं कसं?"

नामदेवभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

मग किशोर बोलला. तो एरवी कमी बोलतो. "भाऊ, मागचे तीन रविवार आम्ही तिघं जे म्हणतो ते एकमेकाले पटून राहिलं. लई बोर होते."

त्यावर काकूच आधी हसल्या.

महिन्याभराने नामदेवभाऊंना कानाचं मशीन मिळालं. ते लावून ते मिलमध्ये आले आणि दारातच थांबले. वर पत्र्याच्या खाली चिमण्या ओरडत होत्या. "या इथं पहिलेपासून होत्या का?" त्यांनी विचारलं.

"होत्या, भाऊ," गजूभाऊ म्हणाले.

ते करवतीसमोर बसले. हात सवयीने बटणांकडे गेला, ट्रेबल पूर्ण उजवीकडे, प्रेझेन्स पूर्ण उजवीकडे.  त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि एक कॉर्ड वाजवला.

लगेच त्यांचा तळवा तारांवर पडला. मान खाली. मग त्यांनी हळूहळू आमच्याकडे पाहिलं, आधी गजूभाऊंकडे, मग किशोरकडे, मग माझ्याकडे. चेहऱ्याकडे नाही, कानांकडे. तेव्हा आमच्या लक्षात आलं. नामदेवभाऊंचा ट्रेबल सोसेना म्हणून गेली दोन वर्षं आम्ही तिघंही मिलच्या दाराबाहेर कानात कापूस घालून मगच आत येत होतो. कापूस माझ्या मेडिकलमधला. त्या दिवशीही सवयीने घातला होता.

नामदेवभाऊंनी माझ्यापुढे हात केला.

"ताई, एक बोळा मले बी द्या."

मी दिला. त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं, बोळा कानात घातला आणि ट्रेबल तसाच ठेवून पुढचा कॉर्ड वाजवला.