नावाचं कडवं

घरासमोर दगड फोडतायत, त्याचा जळका वास खिडकीतून आला आणि ते दुष्काळाचं साल आठवलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि तिथल्या जयंतीत आमच्या शाहिरांचा कार्यक्रम होता. गाणी ते स्वतः लिहायचे, चालही स्वतःच लावायचे, आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव यायचं. मी मागं कोरस धरायचो. रेणापूर सोडलं आणि एसटी बंद पडली. तिथंच रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, आणि उन्हात खडी फोडणाऱ्या बाया चक्क त्यांचंच गाणं म्हणत होत्या. शाहीर हरखले, त्यांच्यात बसून गायला लागले. नावाचं कडवं आलं तशी एक म्हातारी हातोडा थांबवून म्हणाली, “ते नका म्हनू बाबा. गानं हितंच संपतंय.” त्यांनी विचारलं, “लिवलंय कुणी माय, ह्ये?” “लिवतंय कोन? आमच्या मायच्या तोंडचं हाय.” गाणं उणंपुरं सात वर्षांचं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा दंड दाबला. “हाव माय, बराबर हाय तुमचं,” म्हणाले आणि धोतर झटकून उठले. दुसरी एसटी धरून लातूर गाठलं. संध्याकाळी तेच गाणं रंगलं, आणि नावाच्या कडव्याआधी त्यांनी पेटी मिटली. मी मात्र सवयीनं पुढं गेलो होतो. भरल्या मंडपात त्यांचं नाव मी एकट्यानंच घेतलं. शाहीर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाणं अजून गावोगाव म्हणतात. ते कडवं येणारा मी एकटाच उरलोय.