आखरावरच्या बराकी

कटंगीकडच्या आमच्या गावाबाहेर ज्या बराकी आहेत, त्यांचा इतिहास लोक मला विचारत आले. मी पलटण कुठून आली, विहीर कुणी खोदली, असलं सांगून वेळ मारून नेली. जागा कशी गेली, हे इतकी वर्षं टाळलं. आता पलटणही राहिली नाही. पत्रे उडालेत, दोन बराकींत सोसायटीचं धान ठेवतात. आणि गावातली पोरं अजून म्हणतात की जागा गायक्याने दिली. ते खोटं आहे, आणि ते मीच बोललेलं आहे.

गायकी म्हणजे गावाची गुरं राखणारा. सकाळी सगळ्यांची गुरं गावाबाहेर आखरावर जमायची. तिथून तो ती जंगलात न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. पोळ्याचं तोरणही आखरावरच बांधायचे. दुपारी मात्र तिथे शेणाशिवाय काही नसायचं.

पलटणीचे साहेब जीपमधून आले ते नेमके दुपारी. मॅट्रिक झालेला, हिंदी नीट बोलणारा म्हणून मी पुढे झालो. त्यांना सपाट, मोकळी जागा हवी होती. मी आखर दाखवला. ही जागा कुणाच्या वापरात आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही साहेब, पडीक आहे, मी म्हणालो. बराकीत नोकरी लागावी एवढंच डोक्यात होतं. ती लागली.

काटेरी तार ठोकली तेव्हा गाव खवळलं. पारावर सगळे जमले, जागा कुणी दाखवली म्हणून विचारू लागले. मी गायक्याचं नाव घेतलं. तो तिथे नव्हता, म्हणून सोपं गेलं. साहेब आले त्या वेळी तो गुरं घेऊन जंगलात होता. भरदुपारी गायकी आखरावर कसा असेल, हे त्या बैठकीत कुणालाच सुचलं नसेल असं मला वाटत नाही. पण बहुतेकांच्या घरी एखादा रिकामा पोरगा होता, आणि बराकीत आता माझी ओळख होती.

लोकांनी त्याच्याकडे गुरं सोडणं बंद केलं. तो एकदा माझ्या दारात आला.

"बाबू, दुपारी मी कुठं राह्यतो, तुले मालूम हाय."

"जाऊ द्या ना काका. आता काहून उकरून काढता?"

"ढोराईले बोलता येत असतं, तं त्याईनंच सांगतलं असतं," तो म्हणाला, आणि गेला. पुढे तो तिरोडीला, खाणीवर काम करणाऱ्या जावयाकडे राहायला गेला.

माझी नोकरी संपल्यावर मी एकदा तिरोडी गाठली. त्याने मला आवाजावरून ओळखलं. हा आमच्या गावचा मोठा बाबू, लहानपणी म्हशीवरून पडून रडत घरी गेलता, असं नातवंडांना सांगून त्यांना हसवलं. चहा झाला. मग त्याने विचारलं, "पोळा कुठं भरते आता?"

शाळेच्या पटांगणात, मी म्हणालो.

"बरं हाय," तो म्हणाला. बोलायची वेळ तीच होती. बस चुकेल म्हणत मी उठलो. पुढचा पोळा यायच्या आत तो वारला.

त्या दिवशी तिरोडीला जाताना सगळ्या वाटेने जे घोकत होतो, ते एवढंच होतं: "काका, आखर म्या दाखोला आन् नाव तुमचं घेतलं. माफ करा. चाला माह्यासंगं गावात, सगळ्याईसमोर सांगतो."