दारातली खुर्ची

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या रेघा आखत होतो. कमरेतून सरळ झालो आणि सवयीनं कपडे बदलायच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ताईंची लोखंडी खुर्ची तिथेच होती... त्याला आता दीड महिना झाला.

लालबागच्या आमच्या मंडळात मी मुलींना खो-खो शिकवतो. ताई रोज संध्याकाळी लसणाची पिशवी घेऊन यायच्या आणि शेवटची मुलगी घरच्यांच्या ताब्यात जाईपर्यंत त्या दारात लसूण सोलत बसायच्या. कुणाही मोठ्या माणसानं एकट्या मुलीसोबत आत थांबायचं नाही, हा त्यांचा नियम. सुरुवातीला तो मला चांगलाच झोंबला. "माझ्यावर भरवसा नाही का, ताई?" असं मी तोंडावर विचारलंही.

"भरवसो आसा म्हणानच बसतंय, झिला," त्या मालवणीत म्हणाल्या. "उद्या कोणी तुझ्यावर बोट दाखवलं तर साक्षीला माणूस नको?" मग पुढची पाकळी सोलायला घेतली. "तुझ्या आधी एक सर होते. एकदाच मी घरी पाहुणे आले म्हणून इथून लवकर उठले... ती पोर परत खेळायला आली नाही."

त्या सरांना ताईंनीच हाकलायला लावलं. मुलीचं नाव मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात तन्वीच्या आईला यायला उशीर झाला. बाकीच्या मुली गेलेल्या. मी खोलीत दोऱ्या गुंडाळून ठेवत होतो आणि वळून बघतो तर आत आम्ही दोघंच. महिनाभरातच मी ताईंचा नियम विसरलो होतो.

"चल, फाटकापाशी थांबू," मी म्हणालो.

"कशाला सर?" बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली. "ताई बसल्यात ना."

खुर्ची रिकामी होती. पण मला वास आला, नुकत्याच सोललेल्या लसणाचा. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी ताईंची इतकी आठवण आली की डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावून झालेली चूक सांगितली, तन्वीचं बोलणं आणि तो वास सोडून. तेव्हापासून रोज कुणाची तरी आई त्या खुर्चीवर बसते. त्या वासाचं त्यांना काही ठाऊक नाही. तरी एकजात सगळ्या अगदी कडेला बसतात, अर्धी खुर्ची मोकळी सोडून.