क्रेमरनं बदललेले आकडे

ऑगस्ट क्रेमरला खाटकाचं दुकान बापाकडून मिळालं होतं. अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, संघ मात्र त्यानं स्वतः उभा केला, आणि अमेरिकेतल्या मॅरोविल गावात त्याला मान होता तो त्या संघामुळेच. रविवारी चर्च सुटलं की अख्खं गाव त्याच्या मैदानावर लोटायचं. गडी होता मात्र महासंशयी. शेजारच्या स्टीलबर्गचा एक खेळाडू यानंच एकदा ऐन सामन्याच्या सकाळी फोडून आणला होता. तेव्हापासून आपलाही कुणीतरी फोडणार, हे भूत त्याच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

आणि फोडण्याजोगा एकच होता, लिओ वोझनिक. हा कॉलेजचा पोरगा शनिवारी कॉलेजसाठी खेळायचा आणि रविवारी पैसे घेऊन क्रेमरसाठी, 'मिलर' या खोट्या नावानं. पैसे घेऊन खेळायला कॉलेजची बंदी होती; कळलं असतं तर हाकललाच असता. असे मिलर तेव्हा गावोगावी होते. लिओ गेला तर संघ संपला, हे क्रेमर जाणून होता.

एकोणीसशे एकोणीसचा नोव्हेंबर. स्टीलबर्गशी सामना दोन दिवसांवर आला असताना क्रेमरनं लिओला स्टीलबर्गहून आलेल्या गाडीतून उतरताना पाहिलं.

"काय रे, तिकडं सासुरवाडी केलीस की काय?"

"काम होतं, मालक. रविवारी सामना झाला की सांगतो," लिओ हसत म्हणाला.

क्रेमर तडक घरी गेला आणि पोरगं फुटलं म्हणाला. बायको हेडविग म्हणाली, "अहो, पोराला समोर बसवून विचारा ना सरळ!"

"विकला गेलेला माणूस सरळ सांगतो होय गं?"

लिओला संघाबाहेर ठेवावं तर गाव पेटलं असतं. म्हणून रविवारी सकाळी क्रेमरनं बाकीच्या दहा जणांना दुकानात बोलावलं आणि चालींचे सगळे आकडे बदलून टाकले. कर्णधारानं कोणता आकडा पुकारला की कुणी कुठं धावायचं, हे त्या आकड्यांवर ठरायचं. "मिलरला कळता कामा नये," त्यानं बजावलं.

शेवटच्या मिनिटापर्यंत लिओला चेंडूपासून लांबच ठेवलं होतं, आणि दोन्ही संघांची पाटी कोरीच होती. घाईत कर्णधार विसरला आणि लिओला चेंडू द्यायची चाल ओरडला, "सत्तावीस!" लिओ जुन्या आकड्याप्रमाणं डावीकडं धावला. नव्या आकड्याप्रमाणं चेंडू आला उजवीकडं, मोकळ्या जागेत. स्टीलबर्गच्या गड्यानं तो उचलला आणि सुसाट सुटला तो थेट गोलरेषेपलीकडं. सामना गेला.

"आकडे कधी बदलले?" लिओनं विचारलं. सगळे क्रेमरकडं बघत होते.

"असं होय," लिओ हळूच म्हणाला. "आमच्या कॉलेजचे कोच राहतात स्टीलबर्गला. मिलर मीच, असं सांगून आलो त्यांना. कॉलेजच्या संघातून नाव कापलं त्यांनी माझं. म्हटलं, आज जिंकू आणि मग म्हणू, मालक, आता सामन्याच्या पत्रकावर माझं खरं नाव घाला."

क्रेमरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लिओ, अरे..." म्हणत तो पुढं झाला. लिओनं जर्सी काढली, नीट घडी घालून बाकावर ठेवली आणि तो निघून गेला.

पुढच्या हंगामात स्टीलबर्गच्या पत्रकावर पहिलंच नाव होतं लिओ वोझनिक. क्रेमरनं ते दोनदा वाचलं. पोराला कुणीही फोडलं नव्हतं. क्रेमरनंच त्याला देऊन टाकलं होतं.