भोपाळला जाणारा फोटो

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत मी कच्च्या नोकरीवर होतो आणि लोकांची कच्ची घरं मोजत होतो. माझी थट्टा करायला मित्रांना एवढं पुरे होतं.

आमची वस्ती जाम नदीच्या अंगाला. शहराच्या नकाशात ती बरीच वर्षं हिरवी होती, म्हणजे तिथे बगीचा होणार होता. बगीचा कोणी पाहिला नाही, पण हिरव्या रंगात राहणाऱ्यांना जागेचा पट्टा, हक्काचा कागद, मिळत नव्हता, आणि पट्टा नाही तर सरकारी घरकुलही नाही. मग कधीतरी नकाशा बदलला आणि वस्ती पिवळी झाली, माणसांनी राहण्याजोगी. पट्टे वाटले गेले. आमच्या घरामागच्या मावशीलाही एक मिळाला.

मावशी म्हणजे आईची मैत्रीण. एकटीच राहायची. हंगामात सौंसरकडच्या बागांत संत्री तोडायला जायची, एरवी शेतांत निंदणाला. घराच्या भिंती मातीच्या, वर कवेलूंचं छप्पर, छपरावर प्लास्टिक. पक्क्या छताखाली मरण यावं एवढीच तिची इच्छा. हे ती हसत हसत सांगायची आणि मला तिचा राग यायचा.

घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा मीच सांगायला गेलो. "मावशी, परवा घराचा फोटो काढाले येतो. तयारीत राहजो, फोटो भोपाळले जाते." शेवटचं वाक्य मी गंमत म्हणून जोडलं होतं. माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

परवा गेलो तर घर ओळखू येईना. रामाकोना गावातल्या भावाला बोलावून तिनं समोरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्यावर नीळ घातलेला चुना, अजून ओलाच. प्लास्टिक घडी करून कुठेतरी दडवलेलं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी.

"हे काय करून ठेवलं, मावशी?"

"भोपाळचे लोक पाहतीन ना, बाबू. आपली वस्ती घानेरडी हाये म्हनतीन."

घर कच्चं असल्याचा फोटो घरासमोरून, घरमालकासकट काढायचा असा नियम होता. पण नियमाचं सोडा. एक तरी फोटो मागच्या भिंतीचा काढून ठेवायला हवा होता. तिचा तो खुललेला चेहरा पाहून मला तिला घरामागे चल म्हणणं जमलं नाही.

ऑफिसात साहेबांनी मोबाइलवर बोट ठेवलं. "ये तो पक्का है, भाई." मी भांडलो. मागची भिंत मातीची आहे, चला दाखवतो, म्हणालो. कोणी खुर्चीतून उठलं नाही. नाव कटलं. तिनं भिंतीला चुना लावला आणि आम्ही तिला.

सांगायला गेलो तेव्हा तिनं चुलीत लाकूड सारलं. मग चहा ठेवला. कप हातात देताना म्हणाली, "मायासाठी भांडला म्हनते. तुया नोकरीले तं काई झालं नाई ना?" तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या पावसाच्या झडीत, तिची मागची भिंत बसली. छतही अर्धं खाली आलं. नशीब, ती नळावर गेली होती. मी धावत पोचलो तेव्हा ती चिखलातून भांडी वेचत होती. समोरची पांढरी भिंत तेवढी उभी होती.

मला पाहून तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि त्या पडक्या बाजूला जाऊन ताठ उभी राहिली.

"काढ आता फोटो, बाबू. आता बराबर कच्चं दिसून राह्यलं."

यादी केव्हाच बंद झाली होती. माझी नोकरीही सुटली होती. मी फोटो काढला.

"गेला का भोपाळले?" तिनं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.