बेडखालची बाजरी

परवा मंचरच्या आमच्या छोट्या फ्लॅटचे फोटो टाकताना मी लिहिलं होतं, की बेडच्या कप्प्यात वर्षाची बाजरी ठेवायला काहीच हरकत नाही. ते चुकलं.

आज महाळुंगे पडवळहून काकी आली. बाजरी तिच्याच शेतातली, म्हणून मी कौतुकाने बेड उचलून दाखवला. ती मात्र बेडवर न बसता फरशीवर बसली.

"लक्षुमीवर पाय पसरून झोपता व्हय गं?"

"दुसरी जागाच नाय, काकी," नवरा म्हणाला.

"मग तुमी दोघं कप्प्यात झोपा, बाजरीला गादीवर झोपवा."

आम्ही हसलो. पण दुपारपासून मला त्या बेडवर पाठ टेकवत नाही. माझं वाचून तुमच्यापैकी कुणी तसंच केलं असेल, याचीही धास्ती वाटते.

छोट्या घरात तुम्ही धान्य कुठे ठेवता? मी टीव्हीजवळचं शोभेचं शेल्फ काढून तिथे कोठी ठेवणार आहे, येत्या रविवारी.